हॅरॉल्डचे वकीलसाहेब

इंग्लंडच्या गादीची जेवढी काळजी आमच्या व्याह्यांनी वाहिली, तेवढी त्या गादीवर बसलेल्यांनीही कधी वाहिली नसेल. बसलेल्यांना मुळात काळजीचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे कब्जा होता. आमच्या व्याह्यांच्या मते मात्र कब्जा म्हणजे हक्क नव्हे, आणि १०६६ सालापासून त्या गादीवर जो जो बसला तो बेकायदा बसला. मधे नऊशे वर्षं गेली याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. "विहीणबाई, वाईच्या दिवाणी कोर्टात याहून सावकाश चाललेली प्रकरणं पाहिलीत मी," असं ते बशीत चहा ओतता ओतता म्हणायचे, आणि बाहेर साउथहॅम्प्टनच्या पावसाकडे असं बघायचे, की तो पाऊससुद्धा प्रतिपक्षाचा साक्षीदार आहे.

हे आमचे व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. वाईचे नामांकित वकील, पण खून-दरोडेवाले नव्हेत, भावाभावांच्या वाटण्यांचे. विहीर कुणाची, चिंचेचं झाड कुणाच्या बांधावर, देव कुणाकडे आणि देवाची भांडी कुणाकडे, यात त्यांची हयात गेली. मुलगा इथं साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात डॉक्टर. पहिल्या नातीला सांभाळायला म्हणून नवरा-बायको इथं आले, चार-सहा वर्षं जाऊन-येऊन राहिले, आणि एका हिवाळ्यात विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, इथंच गेल्या. त्यानंतर मुलानं त्यांना परत जाऊ दिलं नाही. वाईच्या घराला कुलूप, वकिलांचं हृदय अशक्त, तिथं बघणारं कुणी नाही; मुलाचं तरी काय चुकलं? अशा रीतीनं एक दिवाणी वकील अशिलाशिवाय, कोर्टाशिवाय आणि बायकोशिवाय एका इंग्लिश गावात सोडला गेला. त्याला एखादा दावा सापडणं भागच होतं. तो नातीच्या शाळेच्या पुस्तकात सापडला.

मी पहिल्यांदा आले ती लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावं! प्राथमिक शाळेची हेडमास्तरीण होऊन निवृत्त झालेली बाई. जगाला वर्गात बसलेलं समजणारी. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं डब्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर डिंकाच्या लाडवाला इंग्रजी शब्द सुचेना. मग मी बाळंतपण हावभावांनी करून दाखवलं, अगदी शेवटपर्यंत. त्यानं घाईघाईनं शिक्का मारला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आधी खुर्ची दिली. वर गाडीत मी लेकीला ऐटीत म्हणते, "बघ, इंग्रजांशी असं बोलावं लागतं!" घरी पोचल्याबरोबर गॅस-फायरसमोरची सर्वांत ऊबदार खुर्ची दिसली तिच्यात बसले. ती व्याह्यांची होती. ते दारात उभे राहून बघत राहिले. मग नातीला म्हणाले, "लिहून ठेव. समुद्रापलीकडून आल्या, दक्षिण किनाऱ्यावर उतरल्या, आणि एका दिवसात गादी घेतली. तुझी आजी नॉर्मन आहे."

मला नॉर्मन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हेस्टिंग्जची लढाई म्हटल्यावर मला आपल्या शाळेच्या इतिहासातला तो गव्हर्नर आठवला, आणि मी चारचौघांत विचारलंसुद्धा, की तो इकडे येऊनही लढला का. सात-आठ वर्षांची नात माझ्याकडे फार दयेनं बघायला लागली. "नाही आजी, तो दुसरा आहे. हा लढाई खूप जुना आहे." मग आजोबांनी मला पूर्ण केस समजावून सांगितली. तुम्हालाही थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

इंग्लंडचा म्हातारा राजा एडवर्ड निपुत्रिक. त्यानं म्हणे कधीकाळी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मन सरदाराला, विल्यमला, 'माझ्यामागं गादी तुला' असा शब्द दिला. पुढं बऱ्याच वर्षांनी मरणाच्या अंथरुणावर त्याच एडवर्डनं मेहुण्याचा, हॅरॉल्डचा, हात धरून राज्य त्याच्या स्वाधीन केलं. झालं! एका गादीला दोन धनी. एकाकडे आधीचा शब्द, दुसऱ्याकडे शेवटचा. विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जजवळ लढाई झाली, हॅरॉल्ड पडला, आणि ज्याचं सैन्य मोठं त्याचा शब्द खरा ठरला. "एकतर्फी निकाल!" व्याही बशी आपटून म्हणायचे. "इंग्रजांची रीत काय होती? मरतानाचा शब्द आधीच्या सगळ्या शब्दांवर चढतो. नॉर्मनांची रीत, एकदा दिलं ते दिलं. आता मला सांगा, इंग्लंडचं प्रकरण नॉर्मनांच्या रीतीनं कसं चालवलं? वाईचा दावा काय तुम्ही काबूलला लावणार?"

हॅरॉल्डनं विल्यमला शपथ दिली होती असाही एक मुद्दा होता. वादळात सापडून हॅरॉल्ड तिकडे जाऊन पडला, तेव्हा विल्यमनं त्याच्याकडून शपथ घेववली, आणि नंतर टेबलावरचं कापड ओढलं तर खाली साधुसंतांच्या अस्थी ठेवलेल्या. या मुद्द्यावर व्याही इतके संतापायचे, की लेक त्यांची रक्तदाबाची गोळी आधीच आणून ठेवायची. "अस्थी लपवून शपथ घेता? अस्थी काय पुराव्याचं सामान आहे?" एवढं सगळं झाल्यावर ते अगदी शांत होऊन म्हणायचे, "मला बोलावलं असतं तर लढाई झालीच नसती. सरस-निरस मानानं, बरंवाईट दोघांना सारखं येईल अशी, वाटणी करून दिली असती. टेम्सच्या वरचं हॅरॉल्डला, खालचं विल्यमला. लंडनची विहीर सामाईक."

हे वेड घरापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. बागेच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी इंग्रज बाई गुलाब छाटायची. तिला यांनी एकदा कोट-टोपी घालून, मान लववून विचारलं, "मॅडम, आपण सॅक्सन की नॉर्मन?" ती म्हणाली, "पोर्ट्समथची, लव्ह." व्याही आत येऊन म्हणाले, "तटस्थ आहेत." बसच्या ड्रायव्हरला ते पैशावरची राणी दाखवून म्हणायचे, "वहिवाट आहे, मालकी नाही." ड्रायव्हर म्हणायचा, "अगदी बरोबर, सर, आत सरका." लढाई हेस्टिंग्जला झालीच नव्हती, तिथून सहा-सात मैलांवरच्या टेकडीवर झाली, हे कळलं त्या दिवशी त्यांनी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. "पंचनाम्यात ठिकाणच चुकीचं! खालच्या कोर्टातच सुटलो असतो आपण!"

आणि सर्वपित्रीला ते हॅरॉल्डचं पान वाढायचे. थट्टा नाही. हॅरॉल्डचं प्रेत आईनं मागितलं, वजनाइतकं सोनं देते म्हणाली, तरी विल्यमनं दिलं नाही. कुठं पुरलं तेही नक्की नाही. हे वाचल्यापासून त्यांनी त्याला आपल्या पितरांत घेतला होता. मागच्या अंगणातल्या भिंतीवर भात, खीर, वडे. कावळे इथंही आहेत, पण साउथहॅम्प्टनात समुद्रपक्ष्यांपुढं त्यांचं काही चालत नाही. पान ठेवून व्याही हात मागे घेतात न घेतात तोच तो पांढराधोप दांडगा पक्षी झेप घालून वडा घेऊन पसार. मी खिडकीतून ओरडले, "अहो व्याहीबुवा, तुमच्या हॅरॉल्डची इच्छा लगेच पुरी झाली की!" ते वळून म्हणाले, "इथले पक्षी इच्छा विचारतच नाहीत, विहीणबाई. नुसते घेतात. नॉर्मन!" मी पोट धरधरून हसले. स्वतःच्या बायकोचं पान मात्र त्यांनी वाढलं नव्हतं, हे हसण्याच्या भरात माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

ते कळलं एका लाडवाच्या डब्यामुळं. मला झोपायला बॉक्स रूम दिली होती. नावाप्रमाणं एक ट्रंक आणि एक म्हातारी मावेल एवढी खोली. कपाटावर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ते जरा बाजूला सरकवून शेजारी माझा डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, आणि रोज सकाळी डबा काढताना त्या शालीला कोपर टेकवून स्टुलावर तोल सांभाळायची. पंधरवड्यानं व्याही काहीतरी मागायला दाराशी आले, वर बघितलं आणि काय मागायचं ते विसरले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. असू द्या तिथंच. तिला डिंकाचे लाडू आवडायचे."

स्टुलावरची मी स्टुलावरच राहिले. माझी विहीण त्या शालीत होती. वर्ष झालं होतं, आणि तिच्या अस्थींचं काय करायचं, हे या घरात ठरत नव्हतं. माझा जावई म्हणत होता, की आई चांगली हिंडती-फिरती असताना स्वयंपाकघरात त्याला म्हणाली होती, "मला इथंच समुद्रात सोड रे. नाती जवळ आहेत." बाप म्हणत होता, की शेवटच्या घटकेला ती त्यांचा हात धरून म्हणाली, "मला वाईला न्या, कृष्णेत सोडा." तेव्हा खोलीत ते एकटेच होते. अस्थी वाईला निघाल्या की बाप त्यांच्यामागोमाग जाणार आणि परत येणार नाही, हे मुलाला माहीत होतं. अस्थी इथल्या पाण्यात गेल्या की आपण इथलेच झालो, हे बापाला माहीत होतं. म्हणून कुणीच काही करत नव्हतं. विषय निघाला, की जावई म्हणायचा, "बाबा, आपण नंतर बोलू," आणि व्याही म्हणायचे, "तहकूब." माझी लेक दोघांच्या मधे आमटी वाढत राहायची.

आधीचा शब्द आणि शेवटचा शब्द! एवढं सगळं रोज समोर चाललेलं, आणि मला, चाळीस-चाळीस पोरांच्या खोड्या पाठमोरी ओळखणाऱ्या हेडमास्तरणीला, कळायला डब्याची वाट बघावी लागली. तरी शहाणपण आलं म्हणाल, तर नाही. खुर्ची घेतली त्या दिवसापासून वादात मी विल्यमची बाजू घेत होते, ती सोडली नाही. मला वाटायचं, वाद घालायला कुणीतरी हवं माणसाला. त्या घरात त्यांच्याशी मोठ्यानं भांडणारी मी एकटीच होते, आणि मी आले की ते दाढी रोज करायचे, असं लेक सांगायची.

पुढं तीन-चार उन्हाळे मी येत-जात राहिले. अशाच एका उन्हाळ्यात त्यांनी इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सहल त्या लढाईच्या टेकडीवर नेण्याचा घाट घातला. बाकी सगळ्यांना समोरच्या बेटावर जाऊन वाळूत बसायचं होतं. व्याह्यांनी एकेकाला गाठून वश केलं. शेवटी कोच निघाली ती बटाटेवडे, चिवडा, थर्मास आणि हॅरॉल्डचे वकील घेऊन. तिथं विल्यमनं प्रायश्चित्त म्हणून बांधलेल्या मठाचे अवशेष आहेत, आणि हॅरॉल्ड पडला त्या जागी गवतात एक शिळा आहे. व्याहीबुवांनी तिथं बूट काढले. मंडळाची माणसं वडे हातात घेऊन गोल उभी राहिली, आणि त्यांनी अर्धा तास असा युक्तिवाद केला, की दोन जर्मन प्रवासीसुद्धा शेवटी टाळ्या वाजवायला थांबले.

मग कुणीतरी म्हणालं, "आता विल्यमतर्फे कोण?" सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, तोंडात वडा. पण संधी सोडणारी नव्हे. पदर खोचला आणि म्हटलं, "एकच प्रश्न, वकीलसाहेब. राजा मेला तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

"राणी होती," व्याही म्हणाले.

"राणी कोण?"

"हॅरॉल्डची बहीण."

"आणखी?"

"स्वतः हॅरॉल्ड. एक धर्मगुरू. आणि... राजाच्या नात्यातला एक जण."

"म्हणजे सगळे घरचे!" मी मंडळाकडे वळून हात पसरले. "अहो, ज्याचा फायदा, तोच साक्षीदार! म्हातारा काही बोलला कशावरून?"

मंडळी हसली, टाळ्या पडल्या. पलटवार करायला तयार होऊन मी वळले, तर व्याहीबुवा खाली शिळेकडे बघत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हा प्रश्न विचारायलाच हवा." आणि बूट हातात घेऊन उताराकडे चालायला लागले.

मी मागोमाग गेले. एका बाकावर ते बसले होते, मोजे गवतानं ओले झालेले. मी म्हटलं, "अहो, थट्टा केली. रागावलात?" ते म्हणाले, "नाही." एक मोजा काढून पिळला. मग म्हणाले, "ती काही बोलली नाही, विहीणबाई. हात धरला होता फक्त. मी दोनदा विचारलं, काय म्हणतेस? काही नाही. मला वाटलं, म्हणायचं असेल तर हेच असेल. नाहीतर दुसरं काय असणार? आणि मग बाहेर येऊन मी ते तिच्या तोंडी घातलं." मोजा बाकावर पसरून म्हणाले, "जन्मभर खोट्या साक्षी उलटवल्या मी. एक स्वतः दिली, ती पोराला."

  मी थर्मासमधला चहा बशी नसल्यामुळं झाकणात ओतून दिला. ते म्हणाले, "मुलाला सांगू नका. मी दावा चालवणार नाही, पण काढूनही घेणार नाही. काढून घेतला तर ती जाईल त्या पाण्यात. राहू दे वरती, शालीत. निदान घरात आहे."

त्यानंतर ते वाईचं नाव काढेनासे झाले. हॅरॉल्डचं पान वाढायचे, पण आवाज उतरला होता. नात मोठी होत होती, तिनं एकदा विचारलं, "आजोबा, मग खरा राजा कोण होती?" तर म्हणाले, "दोघांचंही थोडं थोडं खरं असतं गं. म्हणून तर वाटणी शोधून काढली माणसांनी." मुलगा बिचारा समजला, की बाबा आता रुळले. मला ते रुळलेले अजिबात आवडले नाहीत. मी मुद्दाम खुर्चीत जाऊन बसायची. ते नुसते हसून दुसरीकडे बसायचे. जिंकलेल्या गादीवर इतकं अवघडून कुणी बसलं नसेल.

नव्वदच्या दशकात एका ऑक्टोबरात हृदयानं दगा दिला. आठवडाभर हॉस्पिटलात होते, मुलाच्याच. त्या दुपारी जावई गाडीच्या पार्किंगची वेळ संपली म्हणून खाली गेला होता, लेक धाकटीला शाळेतून आणायला. खोलीत मी एकटी. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि त्या चहाबद्दल इंग्रजांच्या अकरा पिढ्यांना उद्देशून एक शब्द काढला, जो मी इथं लिहिणार नाही. वाईच्या कोर्टाच्या आवारात तो चालत असावा. तेच त्यांचं शेवटचं वाक्य. मग त्यांचा हात चादरीवर काहीतरी शोधायला लागला. व्याह्यांचा हात हातात घ्यायची आपल्यात रीत नाही. मी घेतला. विचारलं, "काय म्हणता?" एकदा, दोनदा. काही नाही.

जावई धावत आला तोवर संपलं होतं. पन्नाशीकडे झुकलेला डॉक्टर, रोज मरण बघणारा, आणि लहान मुलासारखा दाराला धरून उभा. मला म्हणाला, "आई, काही म्हणाले का?"

मी म्हटलं, "म्हणाले."

"काय?"

"म्हणाले, वाटणी करा. सरस-निरस मानानं. तिच्या अर्ध्या आणि माझ्या अर्ध्या इथल्या समुद्रात, दोघांच्या उरलेल्या कृष्णेत. दोघांना दोन्हीकडे एकत्र ठेवा. तुझ्या आईचा शब्द खरा होता, आणि माझाही राहू दे."

तो बराच वेळ रडला. मग डोळे पुसत हसून म्हणाला, "अगदी बाबांसारखंच आहे हे. वकिली." मी म्हटलं, "हो ना."

त्या महिन्यात आम्ही इथल्या पाण्यात अर्ध्या अस्थी सोडल्या. किनाऱ्याच्या भिंतीवर भाताचं पान ठेवलं, तर समुद्रपक्ष्यानं हात मागे घेऊ दिला नाही. थंडी सरल्यावर वाईला घाटावर उरलेल्या सोडल्या, भात ठेवला. मी मनातल्या मनात काय काय कबूल करायचं याची तयारी करत होते, तेवढ्यात कावळा आला आणि शिवून गेला. दोन्ही कोर्टांत निकाल एकच. अपील नाही. शाल मात्र मी ठेवून घेतली. वाटणीत न बसणारी एखादी चीज निघतेच.

आता मी मेडनहेडला मोठ्या नातीकडे असते. ती खुर्ची तिनं आग्रहानं इथं आणली आहे, दोनदा नवं कापड चढवून. परवा तिनं पायाशी बसून विचारलं, "आजी, आजोबा खरंच तसं बोलली होती?" मराठी अजून तसंच आहे पोरीचं. मी म्हटलं, "खोलीत कोण होतं?" ती म्हणाली, "तू." "मग?" तिनं वाकून माझ्या पायांवरची शाल सारखी केली.

माझंही आता फार लांब नाही. सर्वपित्रीला मी भिंतीवर दोन पानं वाढते, एक व्याहीबुवांचं आणि एक त्या हॅरॉल्डचं. त्याला आमच्याशिवाय इथं कोण आहे? माझं स्वतःचं कुठं काय करायचं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि शेवटी सांगायला सुचेलच असंही नाही. तेव्हा खोलीत जो कुणी असेल, त्यानं माझा हात धरावा, दोनदा विचारावं, आणि मग बाहेर जाऊन त्याला योग्य वाटेल ते सांगावं. माझी हरकत असणार नाही.